मंद टॉर्च

जुन्या सेलमधून गळालेल्या खाराचा वास आला, की इतवारीतलं ते दुकान आठवतं. माझे बाबा विणकर. मागाखालचे तुटलेले धागे शोधायला त्यांना दणकट, लख्ख टॉर्च हवा होता. दुकानदार आतल्या अंधाऱ्या खोलीत एकेक टॉर्च लावून दाखवायचा आणि बाबा म्हणायचे, “मंद हाय गा, दुसरा दाखव.” उन्हातून चालून माझे पाय भाजले होते. मी चिडले, “काहून उशीर करून राहिला, बाबा? घे नं एखादा!” शेवटी तीन सेलचा पितळी टॉर्च लागला. माझे डोळे दिपले. “हाही मंदच,” बाबा पुटपुटले. दुकानदारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच टॉर्च विझवला. रिकाम्या हातानं परतताना वाटभर मी धुसफुसत राहिले. बाबांची नजर जातेय, हे त्या परक्या माणसाला तिथेच उमगलं होतं; मला मात्र त्यांचा माग बंद पडल्यावर. आजही स्वतःचाच राग येतो.