तिची गोळी भारी

तलासरीच्या लग्नाहून परतताना सरावलीजवळ आमची मोटरसायकल घसरली. नवऱ्याचा घोटा मोडला आणि माझं उजवं मनगट. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवून प्लॅस्टर घातलं. घरी न्यायच्या दुखण्यावरच्या गोळ्या मात्र वेगळ्या मिळाल्या. ट्रामाडॉलची एकच पट्टी शिल्लक होती, ती त्याला दिली. मला कोडीनची लिहून दिली. मी विचारलं, "यातली चांगली कुठली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही अफूच्या जातीच्या, साधारण सारख्याच. पण दुखायचं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही हं. सहा आठवडे या हाताला काम नाही." मी मान डोलावली. ऐकलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

वाढवणला घरी आलो तेव्हा बोंबलाचा हंगाम भरात होता. होडी लागली की बोंबील कुणासाठी थांबत नाही. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूवर टांगायचे, नाहीतर सडतात. नवरा खाटेवर, पाय उशीवर. सासू एकटीच टांगत होती. मी गोळी घेतली, अर्ध्या तासात ठणका उतरला आणि नुसती बसून राहायची मला लाज वाटायला लागली. आधी डाव्या हाताने मासे उचलून दिले. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टरमधून बाहेर आलेली उजवी बोटंही चालायला लागली.

"हिची गोळी भारी हाय," सासू शेजारणींना सांगायची. "माझा पोर बघा, दिवसभर कण्हतो. ही बघा कशी उभी!" एक शेजारीण तर पट्टीवरचं नाव लिहून घेऊन गेली. आपल्याला हलकं औषध देऊन फसवलं, असं नवऱ्यालाही वाटायला लागलं. शेवटी रोजची भुणभुण नको म्हणून आम्ही पट्ट्या बदलल्या. तो माझी गोळी घेऊन कण्हत राहिला, मी त्याची घेऊन बोंबील टांगत राहिले. फरक गोळीत नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण सासू म्हणाली, "हिला कुठलीही गोळी लागू पडते." आणि मी मूर्ख, त्या कौतुकाला चटावले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या तोंडून चांगला शब्द पहिल्यांदाच निघत होता.

दहाव्या दिवशी प्लॅस्टर मासळीच्या पाण्याने भिजून घाण मारायला लागलं. मीच ते कात्रीने कापून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही.

गोळ्या संपल्या आणि हाताने खरं काय ते सांगितलं. परत डहाणूला गेले. नवा एक्स-रे काढला तर हाड वाकडं जुळत होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. ऑपरेशन करून हाड नीट बसवायचं, मग तीन महिने आराम, एवढंच म्हणाल्या. घरी येऊन सांगितलं. सासू म्हणाली, "तीन महिने?" खाटेवरून नवरा म्हणाला, "हंगाम सरू दे, मग बघू." त्या दोघांवर मी अजून चिडून आहे. पण त्यानंतर "राहू दे" म्हणणारी मीच होते, आणि तो राग कुणावर काढू?

हंगाम सरला. ऑपरेशनचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. नवऱ्याचा घोटा ठणठणीत झाला. भाचीच्या हळदीत तो पहाटेपर्यंत नाचला. माझा उजवा तळहात आता वर वळत नाही. देवळात प्रसादाला मी डावा हात पुढे केला की पुजारी म्हणतो, "उजवा करा." मागच्या बायका बघायला लागतात. मग नवरा पुढे होतो, माझ्या वाटचा प्रसाद आपल्या ओंजळीत घेतो आणि घरी आल्यावर सांगतो की तो माझी किती काळजी घेतो.