गाळणीवाल्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई कुणाकडे चहाला गेल्या, की त्यांची नजर कपाऐवजी गाळणीवर असायची. "जाळी छान बारीक आहे हो!" एवढं त्या म्हणाल्या, की यजमानीण हसत गाळणी धुऊन त्यांच्या हातात ठेवायची. ऐंशीच्या दशकातलं बोईसर. बाईंची दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब होती आणि मी तिथला टेक्निशियन.

बाई गळ्यातल्या गाठींचा अभ्यास करत होत्या. गाठीचा तुकडा द्रावणांतून फिरवायचा, मेणात मुरवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. यासाठीची विकतची यंत्रं परवडणारी नव्हती. मग दोन गाळण्या तोंडाला तोंड लावून तारेनं बांधल्या, की तुकडा बुडवायची डबी तयार. काचा रंगवायला लोणच्याच्या बरण्या. मेण पातळ राहावं म्हणून आतून पत्रा ठोकलेलं खोकं आणि त्यात विजेचा दिवा. कापायच्या यंत्राचा स्क्रू त्यांनी कुंभवलीच्या एका लेथवर स्वतः उभं राहून करून घेतला होता.

"दिसायला वेडंवाकडं चालेल," बाई म्हणायच्या, "काचेवर खोटं दिसता कामा नये." म्हणून प्रत्येक नव्या उपकरणात आधी खाटकाकडची कलेजी जायची. ती नीट कापली गेली तरच माणसाचा नंबर.

अशात माझ्या आईच्या गळ्याला गाठ आली. आई जवळच्या दांडी गावची, सुकी मासळी विकणारी. सर्जननं तुकडा काढून दिला. बाईंनी विचारलं, "मुंबईला पाठवू?"

"तुम्हीच करा. तिकडून उत्तर येईतोवर आईला धीर निघायचा नाही."

"आईला की तुला?" बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तुकडा मेणात असतानाच वीज गेली. खोकं गार पडू लागलं. मेण नीट मुरलं नाही तर कापताना तुकड्याचा चुरा होतो. मग आईच्या गळ्यावर पुन्हा चाकू. बाईंनी स्टोव्ह पेटवला, पाण्याच्या पातेल्यात मेणाची वाटी बसवली आणि थर्मामीटर धरून समोर बसल्या. पाणी जास्त तापलं की ज्योत बारीक करायच्या, निवलं की मोठी. बाकावर बसलेली आई डोकावून म्हणाली, "बाय, माजी गाठ शिजवता का काय?"

"शिजवत नाही मावशी, जपतेय."

दुसऱ्या दिवशी काच तयार झाली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "कॅन्सर नाही. टीबी आहे. नेमानं औषधं घेतली की बरा होतो."

मी मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता रडू आलं. आई चिडली, "टीबी हाय नि तू हसतोस काय रे?"

खात्रीसाठी एक काच मुंबईला गेली. तिथूनही तेच उत्तर आलं. औषधं पुरी होईतो गाठ विरली आणि आईची पाटी पुन्हा बाजारात लागली.

काही वर्षांनी बाई लॅब बंद करून मुलीकडे राहायला निघाल्या. आई बोंबलाची पुडी घेऊन निरोपाला आली. बाईंनी तिथंच, दारात, तिचा गळा दोन्ही बाजूंनी सावकाश चाचपला. "साफ आहे," म्हणाल्या, आणि मगच तिला जवळ घेतलं.