मुका मार

आखातातल्या अदलिया वस्तीत एका फोटो स्टुडिओच्या आडोशाला रत्नागिरीकडचे एक चाचा अर्ज टाइप करून देत. पूर्वी ते इंग्रज वकिलाकडे कारकून होते. इंग्रज गेले, जाताना कायदा चाचांपाशी विसरले.

फोरमननं मला पाना फेकून मारला, तेव्हा तक्रार लिहून घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. चाचांनी बाजारात कलिंगड पारखावं तशी माझी सुजलेली पाठ दाबून पाहिली.

"कातडीचे सगळे थर फाटले? नाय. म्हणजे ही जखम नव्हे. हाड मोडलं? नाय. मग गंभीर कशी? ही साधी इजा."

"मला वाकताही येत नाही, चाचा."

"वाकण्याला कलम नाय."

एवढा बारकाईचा कायदा, मारणाऱ्यानं आधी वाचूनच मारायला हवं.

"आपल्यात याला मुका मार म्हणतात, तेच लिहा," मी म्हणालो.

ते हसले. टाइप करणारं त्यांचं बोट मधल्या पेरापासून वाकडं होतं.

"हे काय झालं?"

"साहेबानं रागानं ड्रॉवर आपटला, बोट आत असताना. हाड मोडलं."

"म्हणजे गंभीर. तक्रार केलीत?"

"व्हिसा त्याच्याच हातात होता. मुका मार म्हणतात तो हा," चाचा म्हणाले आणि त्याच बोटानं माझी साधी इजा टाइप करू लागले.