भिवराबाईच्या वीस येरझाऱ्या

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी नांदूरघाटच्या पिठाच्या गिरणीवर बातमी अशी होती, की भिवराबाईला तिच्या सुनेनं लिंबाच्या झाडाला बांधलं आणि म्हातारी किती वेळ टिकते ते मोबाईलवर मोजत बसली. दळण होईस्तोवर बातमीला हातपाय फुटले. केजच्या जीपमध्ये ती चढली तेव्हा तर गावात पोलीससुद्धा येऊन गेले होते.

खरी गोष्ट एवढीच, की भिवराबाईला कुणी बांधलं नव्हतं. ती आपल्या पायांनी जाऊन पंचमीच्या झोक्यावर बसली होती. सुनेच्या हातात मोबाईल होता हे खरं, मोजणं चाललं होतं हेही खरं. बाकीचा मसाला चतुराबाईच्या घरचा. चतुराबाई म्हणजे भिवराबाईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. अंगानं वाळलेली शेवग्याची शेंग, पण जीभ मात्र भलती बाळसेदार. गंमत अशी की त्या झोक्यावर तीही बसली होती. तेवढं मात्र ती गिरणीवर सांगायला विसरली.

भिवराबाईनं तीस हंगाम ऊस तोडला. हातातला कोयता सुटला तशी ती अंगानं भरली. आता ओट्यावर बसली की ओट्यावर दुसऱ्याला जागा उरत नाही. मुलगा आदिनाथ अजून ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो. सून मनिषा मात्र फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. खोपीशी स्वयंपाक करणाऱ्या भिवराबाईनं ते पाहिलं आणि तिथंच मनाशी ठरवलं, की या पोरीच्या डोक्यावर पुन्हा मोळी चढू द्यायची नाही. तोंडानं मात्र म्हणाली, "फळी मोडशील, उतर खाली." बाईची मायाच तशी, बाभळीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.

केजला एका खाजगी क्लासला फिजिक्स शिकवणारी हवी होती. मनिषा गेली, पंधरा मिनिटांचा नमुन्याचा तास घेतला आणि तोंड पाडून परत आली. क्लासवाले सर म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही फळ्याशी बोलता, पोरांशी नाही." तरी बिचाऱ्यांनी पुढच्या सोमवारी आणखी एकदा बोलावलं. विषय सिंपल हार्मोनिक मोशन, म्हणजे एकाच लयीत पुढं-मागं हलणाऱ्या वस्तूची गती. तोही तास फसला तर दसऱ्यानंतर टोळी निघणार होती, आणि टोळीत मनिषाचं नाव असणार होतं.

पंचमीला चुलीवर तवा चढत नाही, विळी-सुरी चालत नाही. दुपारी भिवराबाईला वेळच वेळ होता.

"मला शिकीव," ती सुनेला म्हणाली. "मला कळलं तर केजच्या पोरांची काय बिशाद न कळायची!"

मनिषानं वही उघडली. "एखाद्या वस्तूवरचं बल तिच्या विस्थापनाच्या समप्रमाणात आणि विरुद्ध दिशेनं असंल, तर..."

तिसऱ्या ओळीला भिवराबाई घोरायला लागली.

मनिषानं वही आपटली. "आत्या! झोपलात तुमी?"

"मंग काय करू? अंगाईच म्हणायलीस जणू. ऊठ. हालणारी वस्तू पायजे ना तुला? सकाळधरनं लिंबाला टांगलीय की."

लिंबाखाली मनिषानं सासूला झोक्यावर बसवलं, जरासं मागं ओढून सोडलं. "आता बगा आत्या. मधल्या जागेपासून जितकं लांब, तितकी मधी यायची ओढ जास्त."

"हे तर माहेरावानी झालं. पोर जितकी लांब दिली, तितकी माहेराची ओढ."

"बरोबर! पण मधी आली तरी थांबत न्हाई. तिथं ओढ संपती, अन् वेग मातर सगळ्यात जास्त."

"थांबंल कशी? माहेरात पाय ठेवला की सासरच्या म्हशीची धार आठवती. निघाली लगीच दुसऱ्या अंगाला."

मनिषानं झोका तसाच सोडला आणि वहीत भराभर लिहून घेतलं. मग म्हणाली, "अन् झोका लई उंच न्हाई नेला, तर वर जाड बसू द्या का बारीक, एका येरझारीला येळ तेवढाच."

"काहीबी!" भिंतीवरून चतुराबाईचं डोकं उगवलं. "भिवरी बसली की झाड रडतंय, अन् म्हणं येळ तेवढाच."

मग काय, पैजच लागली. वीस येरझाऱ्या मोजायच्या. भिवराबाईच्या झाल्या नव्वद सेकंदांत. चतुराबाईच्याही नव्वदच. एवढी शेंग, एवढा भोपळा आणि वेळ एकच! चतुराबाईनं मोबाईललाच खोटं पाडलं. पण भिवराबाईचंही समाधान झालं नव्हतं.

"पोरीपणी आमी काय बसून झोके घेतले व्हय?" असं म्हणत तिनं पदर खोचला आणि ती झोक्याच्या फळीवर ताठ उभी राहिली. "दे धक्का."

"गुडघे वाकवू नका," म्हणत मनिषानं हलकेच ढकललं. वीस येरझाऱ्या झाल्या. त्र्याऐंशी सेकंद. पुन्हा मोजल्या. पुन्हा त्र्याऐंशी.

मनिषाचा चेहरा उतरला. चतुराबाईनं टाळ्या पिटल्या. "घ्या! बी.एस्सी. झोक्यावरनं पडली!"

भिवराबाईला वाटलं, आपण हौसेनं उभे राहिलो आणि पोरीची सोमवारची शिदोरी सांडून बसलो. "बसते गं, बसते मी," म्हणत ती घाईनं वाकली.

"खाली उतरू नका!" मनिषा ओरडली. बातमीला कोंब फुटला तो इथंच. सून सासूवर ओरडल्याचं आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं.

मनिषा आधी फांदीकडे बघत होती, मग सासूच्या कमरेकडे. "वजन तेच हाय, पण वर सरकलंय. फांदीच्या जवळ गेलंय. म्हंजी दोर आखूड केल्यावानीच की!" खात्री करायला तिनं झाडावर चढून फांदीवरचे दोराचे वेढे वाढवून तो आखूड केला आणि सासूला पुन्हा बसवलं. बसूनही वेळ कमीच आला. "येळ वजनावर न्हाई, लांबीवर हाय! पाठ व्हतं आत्या मला हे. पर कदी बघितलंच नव्हतं."

सोमवारी केजला तिनं फळ्याकडे पाठ केली, सुतळीला कुलूप बांधून हलवलं, माहेराची गोष्ट सांगितली आणि मग विचारलं, "झोक्यावर बसणारी उभी राहिली, तर येळ वाढंल का कमी व्हईल?" पोरं आपसात भांडायला लागली. दारात उभे असलेले सर ते भांडण घंटा होईपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून या."

मंगळवारी ती निघाली. भिवराबाईनं तिला एवढंच बजावलं, "जीपमदी दाराशी बसू नगंस." जीप दिसेनाशी झाली, तरी तिची नजर रस्त्यावरून हलेना. चतुराबाईला हे सोसवणार थोडंच!

"भिवरे, सून झाली मास्तरीण," ती म्हणाली. "अन् तू काय केलंस गं त्यात? नुसती झोक्यावर बसलीस!"

भिवराबाई म्हणाली, "बसलीस तू. बसल्यावर तुजा अन् माजा झोका सारखाच व्हता. मी उभी ऱ्हायले."