चिंचोका

परवा खोडाळ्याच्या बाजारात नव्या चिंचेच्या ढिगापाशी थांबले आणि त्या आंबट वासाने मला पंचवीस वर्षं मागे नेलं.

उन्हाळा नुकता लागला होता. अंगणात मी आणि सासूबाई चिंचा फोडून चिंचोके काढत होतो. हात चिकट, बोटं काळपट झालेली. माझी दहा महिन्यांची सुमी शेजारीच रांगत होती. तिची बडबड एकदम थांबली. पाहिलं तर तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, पण रडण्याचा आवाजच नाही. सासूबाईंनी तिला उचललं आणि चिंचोका काढायला घशात बोट घातलं. मी जीप बघायला रस्त्याकडे धावले. जीप घेऊन आले तेव्हा सुमी त्यांच्या मांडीवर निपचित पडली होती.

पुढे मी आशाताई झाले. प्रशिक्षणात नर्सबाईंनी बाहुली हातावर पालथी धरली, तिचं डोकं खाली केलं आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताने पाच जोरदार थापा मारून दाखवल्या. म्हणाल्या, "वस्तू दिसत नसेल तर बोट घालायचं नाही. ती आणखी आत जाते."

त्यापुढचं मला काहीच ऐकू आलं नाही.

आता पाड्यावरच्या प्रत्येक आईला मी हे शिकवते. फक्त आमच्या अंगणात शिकवत नाही. सासूबाई फार थकल्यात. अधूनमधून माझा हात धरून म्हणतात, "माझं बोट पोचलंच नाय गं पोरी. जरा आत घातलं असतं, तर सुमी वाचली असती."

मी म्हणते, "आई, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत."