दाराची वरची कडी

माझी धाकटी बहीण सुनंदा मागच्या सोमवारी गेली. आज भेटायला आलेल्यांसाठी पाणी आणायला निघाले, तेव्हा मागच्या दाराची वरची कडी हाताला लागली.

याच दारावर ती टेबल टेनिस शिकली. आमच्या रनाळे गावात टेबल नव्हतं. सुट्टीत बाबा हे दार बिजागऱ्यांवरून उतरवून मिरचीच्या पोत्यांवर आडवं ठेवायचे. कडी माझ्या बाजूच्या कोपऱ्यात यायची. चेंडू कडीला लागला की गुण माझा, असा नियम मीच केला होता. म्हणून सुनंदा त्या कोपऱ्यात कधी मारायची नाही.

पुढे ती देशाच्या महिला संघातून जागतिक स्पर्धेत खेळली. सांघिक सामना दोन-दोन असा बरोबरीत होता आणि शेवटची लढत तिची होती. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. अंगणातल्या मिरच्यांचा नाकाला झोंबणारा खाट घरभर होता. समोरच्या मुलीचा तोच कोपरा सारखा मोकळा पडत होता, पण सुनंदा तिथे मारत नव्हती.

आई टीव्हीला म्हणाली, "अवं सुनंदा, त्या कोपरामा मार ना. तठे कडी नही शे."

बाबा म्हणाले, "तिले आठून ऐकू येस का?"

मी हसले. सुनंदा दोन गुणांनी हरली.

घरी आल्यावर ती त्या सामन्याबद्दल बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. नियम माझा होता, एवढं तरी तिच्याजवळ कबूल करायचं होतं.

दार आता चौकटीत आहे. कडी त्याच कोपऱ्यात आहे.