बांधावरची चार बोटे

वडील निवर्तले तेव्हा मी कल्याणास पाठशाळेत शिकवीत होतो. कोलशेतच्या खाडीकाठचे आमचे मिठागर पाहणारे दुसरे कोणी नसल्यामुळे पोथ्या बांधून मला तिकडे जावे लागले. व्यवहाराचे मला ज्ञान नव्हते. आणि अशा मनुष्याच्या हाती एखादे सूत्र लागले की तो त्यालाच घट्ट धरून बसतो. माझे सूत्र नफा हे होते. ज्या कामात तो दिसत नाही, ते काम बंद करावयाचे.

असे एक काम पहिल्याच दसऱ्यास दृष्टीस पडले. उजव्या हाताची करंगळी नसलेला एक वृद्ध आगरी दिवसभर खाडीच्या बांधावरून फिरत असे. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधाला बिळे पाडीत आणि हा चिखलाच्या गोळ्यांनी ती बुजवी. एवढ्यासाठी वडिलांनी त्याला बारमाही मजुरी दिली होती. वडिलांच्या वेळच्या मुनिमांना घेऊन मी बांधावर गेलो आणि त्याला म्हटले, "बाबा, दिवाळीनंतर सगळा बांध नव्याने लिंपून घेणार आहे. तुमचे काम आता उरले नाही."

"ह्यो निरोप चिंबोऱ्यांना कोन देनार, भटजी?" तो म्हणाला.

मुनीम हसले, मीही हसलो. म्हाताऱ्याने बांधाला हात लावून तो कपाळी नेला आणि रिकामी पाटी घेऊन तो निघून गेला.

त्या हंगामात मीठ उत्तम पडू लागले. बांधाला कोठे पाझर नव्हता. "शास्त्रीबोवा, उगाच व्याकरणात जन्म घालवलात!" असे मुनीम म्हणत, आणि मला ते गोड वाटे. माघात म्हातारा तापाने गेल्याचे कळले. वाईट वाटले, पण मी त्याच्या घरी गेलो नाही.

चैत्री अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, बांध फुटला. घटकाभरात वाफ्यांतले सारे मीठ खाडीत विरून गेले.

ओहोटी लागल्यावर मी उरलेल्या बांधावरून चालत गेलो. दिवाळीनंतरच्या त्या लिंपणावर जागोजागी वाळलेल्या चिखलाचे गोळे दाबून बसवलेले होते. प्रत्येकावर पंजा उमटला होता : अंगठा आणि तीन बोटे. शेजारची ताजी बिळे मात्र उघडीच होती.

तसाच त्याच्या झोपडीशी गेलो. त्याची म्हातारी दारात जाळे विणीत बसली होती.

"मजुरी बंद झाल्यावरही ते बांधावर जात होते?"

"राती जायचा. मजुरी तुमी बंद केली, भटजी. भरती कुठं बंद झाली?"

"मग मला सांगितले का नाही?"

तिने मान वर केली नाही. "सांगितलं असतं, तर तुमी त्याला बांधावर पाय तरी ठेवू दिला असता का?"

मी घरी परतलो. त्या सायंकाळी संध्येला बसलो, अर्घ्यासाठी ओंजळीत पाणी घेतले, आणि स्वतःच्या पाच बोटांकडे मला पाहवेना.